नळाच्या सामानातून उजेडाची तलवार: मुठीपासून टोकापर्यंत

"आत्या, शेवटी सगळे लाईट बंद होणार आणि नुसत्या तलवारी दिसणार. सहा पाहिजेत."

शाळेच्या स्नेहसंमेलनाला महिना उरला असताना भाच्याने हे सांगितलं. मुलं मर्दानी खेळावर बेतलेला नाच बसवत होती. कोल्हापुरात लाठी, दांडपट्टा, तलवार लहानपणापासून डोळ्यांसमोर असते. शिवजयंतीला चौकात पट्टा फिरताना पाहिला नाही असं पोर इथे सापडायचं नाही. त्यामुळे हात तयार होते, अडलं होतं ते तलवारींपाशी. खेळण्यांच्या दुकानातून आणलेल्या दोन तलवारी पहिल्याच तालमीत एकमेकींवर आपटून विझल्या. एकीचं पातं मुठीतून सुटून थेट विंगेत गेलं. तिथे कुणी उभं नव्हतं, हे नशीब.

माझे वडील नळजोडणीचं काम करायचे. शाळेच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर मी पिशवी धरून हिंडले आहे, आणि पाइपाचे सांधे मला पुस्तकाआधी कळले. म्हणून ती सुटलेली तलवार हातात घेतल्यावर पहिल्यांदा मी दिवा बघितला नाही, सांधा बघितला. पातं मुठीत जेमतेम दोन सेंटिमीटर होतं आणि वरून डिंकाचा एक थेंब. नळाच्या कामात असं कुणी केलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरात पाणी झालं असतं. तेव्हाच ठरवलं की तलवार नळाच्या सामानातूनच करायची. दाब, हिसके, वर्षानुवर्षांचा वापर सोसणं आणि तरीही पाना लावला की उघडणं, हे त्या सामानाचं रोजचंच काम आहे.

आधी सांध्याचा हिशेब

उजेडाच्या तलवारीत लोक सगळा जीव दिव्यात घालतात. माझ्या मते निम्मी मेहनत पातं आणि मूठ जिथे भेटतात तिथे जायला हवी. मुठीबाहेर पातं ७० सेंटिमीटर आहे असं धरा. टोकाशी एक किलोचा भार आला आणि पातं मुठीत फक्त २ सेंटिमीटर रुतलेलं असलं, तर तरफेच्या हिशेबाने मुठीच्या तोंडावर सुमारे ३५ किलोचा जोर पडतो. तेच पातं ७ सेंटिमीटर आत असेल तर सुमारे १० किलो. प्लॅस्टिक तेच, भार तोच, जोर मात्र साडेतीनपट कमी. पात्याची जी जाडी असेल तिच्या पावणेतीन-तीन पट लांबी मुठीत गेली पाहिजे, हे मी तेव्हापासून धरून चालते. २५ मिलिमीटर जाडीच्या पात्याला ७ सेंटिमीटर.

दुसरी गोष्ट, उघडणं. तार तुटते, बॅटरी उतरते, पात्याला तडा जातो, आणि हे सगळं कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी होतं. म्हणून ज्याला पुन्हा हात लावायची वेळ येऊ शकते ते काहीही चिकटवायचं नाही. ते आट्यांवर किंवा स्क्रूवर धरायचं.

काय काय आणायचं

कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीत किंवा शाहूपुरीत हार्डवेअरच्या दुकानात जा आणि शेतीच्या पाइपलाइनला लागणारं पीव्हीसी मागा, घरातलं सीपीव्हीसी नको. कारण साधं आहे. शेतीच्या पाइपाचा आकार बाहेरच्या व्यासाने मोजतात: २०, २५, ३२, ४० मिलिमीटर. २५ म्हणजे बाहेरून खरोखर २५. पॉलीकार्बोनेटची पारदर्शक नळीही २५ मिलिमीटरची मिळते, त्यामुळे दोन वेगळ्या धंद्यांतल्या या दोन वस्तू एकमेकींत नीट बसतात. सीपीव्हीसीची पाऊण इंची नळी बाहेरून सुमारे २२ मिलिमीटर आणि एक इंची सुमारे २८.५ मिलिमीटर असते, म्हणजे २५च्या पात्याला दोन्हींतलं काहीच जमत नाही. मी पहिल्या दिवशी एक इंचीचं सामान घेऊन आले होते आणि टेप गुंडाळून गुंडाळून कंटाळले.

मुठीसाठी ३२ मिलिमीटरचा पाइप, २८ सेंटिमीटर. वरच्या तोंडाला ३२ बाय २५ चा रिड्यूसर, म्हणजे जाड पाइपाला बारीक पाइप जोडतो तो. खालच्या तोंडाला ३२चा एमटीए, म्हणजे एका बाजूला पाइप बसतो आणि दुसऱ्या बाजूला बाहेरून एक इंची आटे असतात तो. त्या आट्यांवर फिरवायला एक इंची थ्रेडेड एंड कॅप. परजेसाठी, म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामध्ये हात जपणाऱ्या आडोशासाठी, बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपबरोबर येणारी चकचकीत गोल चकती, वॉल फ्लँज, ३२च्या भोकाची. ती सुटीही मिळते. सॉल्व्हंट सिमेंटची सगळ्यात छोटी डबी आणि टेफ्लॉन टेपचं एक रीळ. हे सगळं दुकानातच एकमेकांत घालून बघा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या फिटिंगमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो आणि आपल्याला तो जाणवतो. दुकानदार विचारेल, "ताई, मोटार कितीची आहे?" तर खरं काय ते सांगा. मला एकाने रिड्यूसरचे चार नमुने काढून दाखवले ते हे ऐकूनच.

पॉलीकार्बोनेटची नळी, २५ मिलिमीटर बाहेरून, २ मिलिमीटर जाड, ७७ सेंटिमीटर. ही बहुधा ऑनलाइन मागवावी लागते आणि अख्ख्या तलवारीत महाग तीच. दुकानांचे बोर्ड करणाऱ्यांकडे अ‍ॅक्रिलिकची नळी सहज मिळते, दिसायलाही तशीच असते. ती घेऊ नका. अ‍ॅक्रिलिक फुटलं की काचेसारखे धारदार तुकडे होतात. पॉलीकार्बोनेट वाकतं, पांढुरकं पडतं, पण सहसा तुकडे उडवत नाही. आणि जुन्या ट्यूबलाइटची नळी वापरायची कल्पना कुणी काढली, तर तिथल्या तिथे थांबवा. ती काच आहे आणि आत पारा आहे.

विजेच्या सामानात यूएसबीवर चालणारी ५ व्होल्टची एलईडी स्ट्रिप दीड मीटर, लिपस्टिकच्या आकाराची गोल पॉवर बँक, दाबलं की दाबलेलं राहणारं १२ मिलिमीटरचं बटण, दोन पिनांचा जेएसटी कनेक्टर (वायरी जोडायचा-सोडायचा छोटा खटका), १ ओहम २ वॅटचा एक रेझिस्टर, थोडी बारीक लवचिक वायर, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की जोडावर आवळून बसणारी नळी). याशिवाय बुरुडाकडून बांबूची एक कामटी, क्रोकरीला गुंडाळून येतो तो पातळ पांढरा फोम, आणि खुर्चीच्या पायाला लावतात ते २५चं पांढरं बूट. माझा एका तलवारीचा खर्च हजार ते दीड हजारांच्या मध्ये गेला.

मूठ

पाइप करवतीने कापताना त्यावर कागदाची पट्टी एक वेढा गुंडाळा, कडा जुळवा आणि त्या कडेने कापा. काप सरळ येतो. पीव्हीसीचा भुसा नाकात जातो, म्हणून मास्क लावा. आणि पाइप वाकवायला किंवा तोंड रुंद करायला गॅसवर धरू नका. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, तो घसा आणि डोळे धरतो.

आता रिड्यूसर हातात घेऊन आत बोट फिरवा. २५च्या तोंडातून आत गेल्यावर एक छोटी पायरी लागते. पाइप तिथे अडावा म्हणून ती ठेवलेली असते, आणि तोंडापासून ती दीड-दोन सेंटिमीटरवरच असते. आपल्याला पातं ७ सेंटिमीटर आत न्यायचंय, म्हणून ही पायरी अर्धगोल कानशीने घासून काढायची. घाई करू नका. दर दहा-बारा घासांनी नळी घालून बघा. नळी हलका दाब देऊन आरपार गेली पाहिजे, सैल होऊन खुळखुळता कामा नये. पंधरा मिनिटं लागतात, आणि सगळ्या कामातली हीच पंधरा मिनिटं तलवारीला पाच वर्षं टिकवतात.

रिड्यूसरने पात्याला वर धरलं. आत ७ सेंटिमीटरवर दुसरा आधार हवा. ३२च्या पाइपाची आतली रुंदी २८च्या आसपास आणि नळी २५ची, म्हणजे चहूबाजूंनी दीड मिलिमीटरची फट. नळीच्या खालच्या टोकाला दोन सेंटिमीटर रुंदीचा इन्सुलेशन टेपचा पट्टा अकरा-बारा वेढे गुंडाळला की ती फट भरते. टेप ताणून, एकावर एक, सुरकुती न पडू देता गुंडाळा. आता पात्याला दोन जागी आधार झाला आणि मधला भाग मोकळा. हाताने हलवून बघा. टोक हललं तर एक वेढा वाढवा.

रिड्यूसर आणि एमटीए पाइपाला सॉल्व्हंट सिमेंटने कायमचे चिकटवायचे. चिकटवण्याचं काम फक्त एवढंच. दोन्ही बाजूंना पातळ थर, आत घालताना पाव फेरा, मग अर्धा मिनिट दाबून धरायचं. पण थांबा: वॉल फ्लँज पाइपावर आधी चढवायची, मग दोन्ही टोकं बंद करायची. माझ्या सहापैकी एका मुठीत मी ती विसरले आणि पाइप पुन्हा कापावा लागला.

सिमेंट वाळायला रात्रभर ठेवा आणि तोपर्यंत नळी त्याच्या जवळही आणू नका. या सिमेंटमधली द्रावणं पॉलीकार्बोनेटला खातात. मला हे माहीत नव्हतं. पहिलं पातं मी मुठीत सिमेंट लावून बसवलं, छान घट्ट झालं, आणि दोन दिवसांनी त्या जागी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या. तिसऱ्या दिवशी ते नुसत्या हाताने मोडलं. थिनर आणि पेट्रोलनेही तेच होतं, म्हणून नळी पुसायची तर साबणाच्या पाण्याने. झटपट चिकटणारा गोंदही नको, त्याच्या वाफेने पारदर्शक नळीवर पांढरा धूर बसतो.

पातं धरायला तीन ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेले, एम४ (४ मिलिमीटर) मापाचे. पाइपावर रिड्यूसर बसतो तिथे दोन भिंती मिळून जाडी चांगली होते, आटे धरतात. परिघावर तीन समान अंतरांवर ३.३ मिलिमीटरची भोकं पाडायची आणि त्यांत एम४चे आटे पाडायचे. आटे पाडायचं हत्यार, टॅप, घरी नसेल तर शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही छोट्या कारखान्यात जा. स्वतःचा सिनेमा कॅमेरा घडवणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावात तीन आटे पाडून देणारा कारागीर सापडतोच. मला एकाने सहाही मुठी चहा येईपर्यंत करून दिल्या आणि वर विचारलं, "कार्यक्रम कवा हाय?" स्क्रू नळीला टेकला की पुढे फक्त अर्धा फेरा. जास्त आवळला तर नळीवर ताण राहतो आणि भेग तिथूनच सुरू होते.

पातं

नळी कापताना कापायच्या जागी मास्किंग टेप लावा आणि बारीक दातांचं पातं वापरा. कडा कानशीने मोडा, मग पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. ७७ सेंटिमीटरच्या नळीचं वजन १३० ग्रॅमच्या आसपास भरतं. मुलांना ते हवं तेवढंच वाटतं, फार हलकं पातं हातात खेळण्यासारखं लागतं.

पारदर्शक नळीत स्ट्रिप घातली तर दिव्यांचे ठिपके दिसतात, तलवार दिसत नाही. उजेड पसरवायला दोन उपाय एकदम करायचे. नळी बाहेरून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून, लांबीच्या दिशेने घासायची. दुधाळ, एकसारखा पोत येईपर्यंत. खालचे ७ सेंटिमीटर तसेच ठेवा, ते मुठीत जाणार. दुसरा उपाय म्हणजे आत दिव्यांभोवती पांढरा फोम. बटर पेपरही करून पाहिला, पण त्याच्या सुरकुत्या काळ्या रेघांसारख्या दिसतात.

दिव्यांचा कणा

स्ट्रिप नुसती नळीत सोडली तर ती पिळते आणि एका बाजूला पडते. तिला कणा लागतो. बरेच जण अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वापरतात, मी आकाशकंदिलाला वापरतात ती बांबूची कामटी घेतली. वजनाला काहीच नाही, वाकली तरी परत सरळ होते, आणि वीज वाहत नाही, त्यामुळे स्ट्रिपच्या कापलेल्या टोकाचं तांबं तिला टेकलं तरी शॉर्ट होत नाही. १० मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड, ७२ सेंटिमीटर लांब. चाकूने तासून कुसळं काढा.

स्ट्रिप ७० सेंटिमीटरच्या दोन तुकड्यांत कापा, कात्रीची खूण असते तिथेच. कामटीच्या दोन्ही अंगांना एकेक. टोकाशी स्ट्रिपची घडी घालून वळवायचा मोह होतो, पण घडीत आतली तांब्याची पट्टी तुटते. त्याऐवजी वरच्या टोकाला दोन छोट्या वायरींनी दोन्ही तुकडे जोडा: अधिक अधिकाला, उणे उण्याला. वीज मग एका बाजूने वर जाते आणि दुसऱ्या बाजूने खाली येते. याचा एक मोठा फायदा आहे. ५ व्होल्टच्या स्ट्रिपमध्ये लांब जाता जाता व्होल्टेज पडतं आणि शेवटचे दिवे मंद होतात. इथे सगळ्यात तेजस्वी दिवे आणि सगळ्यात मंद दिवे दोन्ही मुठीशी, पाठीला पाठ लावून येतात, आणि टोकाशी दोन्ही बाजू मध्यम. बाहेरून पातं वरपासून खालपर्यंत सारखं दिसतं.

सोल्डर करताना २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न पुरते. आधी स्ट्रिपच्या टोकाच्या तांब्याच्या टिकलीवर आणि वायरीच्या टोकावर वेगवेगळं थोडं सोल्डर चढवा, मग दोन्ही टेकवून दोन-तीन सेकंद. जास्त वेळ धरलं तर टिकली उचकटते.

स्ट्रिपच्या मागच्या गोंदावर विसंबू नका. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात तो वितळून सुटतो. दर आठ-दहा सेंटिमीटरवर, दोन दिव्यांच्या मधून, पांढऱ्या शिवणदोऱ्याचे तीन वेढे घाला आणि गाठ मारा. मग फोमचा एकच वेढा, उभ्या कडेला पातळ चिकटपट्टी. नळीतून आधी एक दोरा ओवा, तो कामटीच्या टोकाला बांधा आणि दिव्यांचा कणा ओढून घ्या. ढकलत बसलात तर फोम गोळा होतो. वर खुर्चीचं पांढरं बूट बसवलं की टोक गोल आणि मऊ होतं, शिवाय थोडं उजळतंही. त्याला बाहेरून पारदर्शक टेपचे दोन वेढे द्या, नाहीतर जोरात फिरवल्यावर उडतं.

वीज

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. राजर्षी शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभारलेलं, १९१५ सालचं. माझं पहिलं नाटक मी तिथे पाहिलं होतं. त्या रात्रीनंतर पडद्यामागे कुठलीही बॅटरी ठेवताना माझा हात दोनदा थांबतो. म्हणून सुट्या लिथियम सेलना वायरी डकवून पॅक करणं मी मुलांच्या तलवारीत करत नाही, तुम्हीही करू नका. गोल पॉवर बँकेच्या आत तोच सेल असतो, पण त्याच्याबरोबर जास्त करंट, शॉर्ट आणि जास्त चार्जिंगपासून जपणारं सर्किट असतं. चांगल्या कंपनीची, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक छापलेली घ्या. जाडी २२-२३ मिलिमीटर असली की ती एमटीएच्या तोंडातून जाते. एमटीए बरोबर नेऊन दुकानातच घालून बघा.

तिथेच आणखी एक परीक्षा घ्या. पॉवर बँकेला स्ट्रिप लावा, मिनिटभराने काढा, अर्धा मिनिट थांबून परत लावा. आपणहून पेटली तर घ्या. काही बँका झोपतात आणि स्वतःचं बटण दाबल्याशिवाय उठत नाहीत. ते बटण तर मुठीच्या आत असणार.

आता करंट. स्ट्रिपच्या पाकिटावर दर मीटरला किती वॅट ते लिहिलेलं असतं. त्याला लांबीने गुणा आणि ५ ने भागा. ४.८ वॅटची स्ट्रिप १.४ मीटर म्हणजे ६.७ वॅट, म्हणजे १.३४ अँपिअर. अशा छोट्या गोल बँका बहुतेक १ अँपिअरच्या असतात, त्या एवढ्यावर बंद पडतात किंवा तापतात. म्हणून अधिकच्या वायरीत १ ओहम, २ वॅटचा रेझिस्टर घालायचा. करंट एक अँपिअरच्या खाली येतो. उजेड थोडा कमी होतो, पण अंधाऱ्या रंगमंचावर दुसऱ्या रांगेतूनही फरक कळत नाही. २,६०० एमएएचची बँक मग दीड-दोन तास चालते. रेझिस्टर गरम होतो, त्यामुळे त्याला फोममध्ये गुंडाळू नका, बटणाशेजारच्या मोकळ्या जागेत स्लीव्ह घालून ठेवा.

मुठीच्या आतली मांडणी वरून खाली अशी: ७ सेंटिमीटर पातं, मग ६ सेंटिमीटरमध्ये बटण, रेझिस्टर आणि कनेक्टर, मग यूएसबीची पिन आणि पॉवर बँक, शेवटी फोमचा तुकडा आणि टोपण. बटणाचं भोक वरच्या तोंडापासून १० सेंटिमीटरवर घ्या, अंगठा सहज पोचतो. भोक १२ मिलिमीटरचं. ड्रिलने आधी बारीक पाडून मग वाढवत न्या, एकदम मोठं बिट लावलं तर पाइप चिरतो. बटणाच्या पाठीमागून पॉवर बँक सरकत येऊ नये म्हणून मध्ये फोमचा बूच द्या.

यूएसबीची लाल वायर कापून बटणातून आणि रेझिस्टरमधून न्या, काळी सरळ. दोन्ही कनेक्टरच्या मुठीकडच्या अर्ध्या भागाला. दुसरा अर्धा भाग पात्याच्या वायरीला. या वायरी पाच-सहा सेंटिमीटर जास्त ठेवा म्हणजे पातं बाहेर काढून हाताने कनेक्टर सोडता येतो. पात्यातून निघणाऱ्या वायरी कामटीच्या खालच्या टोकाला दोऱ्याने बांधा. ओढ पडली तर ती दोऱ्यावर पडावी, सोल्डरवर नाही. आणि पॉवर बँकेखालून एक कापडी फीत ओवून तिचं टोक बाहेर ठेवा. चार्ज करताना फीत ओढली की बँक बाहेर. खालच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोनच वेढे द्या. टोपण मऊ फिरतं आणि नाचताना आपोआप सैल होत नाही.

मूठ बंद करण्याआधी अर्धा तास दिवे चालू ठेवा आणि हात लावून बघा. कोमट चालेल. कुठे बोट ठेवणं नको वाटलं तर तिथे जोड कच्चा आहे किंवा करंट जास्त आहे.

परज आणि पकड

वॉल फ्लँज वर सरकवून रिड्यूसरला टेकवली की परज होते. तिची कड पातळ असते, बोट कापू शकते. बागेच्या पाइपाचा तुकडा उभा चिरून कडेवर चढवा. जागेवर धरायला तिच्या खाली टेपचा जाड वेढा पुरतो.

पकडीसाठी क्रिकेटच्या बॅटची रबरी ग्रिप ३२च्या पाइपावर नेमकी बसते. बटणाच्या जागी भोक कापा. मी भाच्याच्या तलवारीला मात्र चप्पल लाईनमधून चामड्याची वादी आणून गुंडाळली. ओली करून ताणून गुंडाळायची, वाळली की आवळून बसते. घाम आला तरी हात सरकत नाही, आणि लांबून ती खऱ्या मुठीसारखी दिसते.

आता तलवार बोटावर तोला. तोल परजेच्या वर १० सेंटिमीटरच्या आत आला पाहिजे. टोकाकडे झुकत असेल तर टोपणात दोन-चार नट टेपने बांधून टाका. लहान मुलांच्या मनगटाला याचा फार फरक पडतो.

रंगमंचावर

ही तलवार पातं पात्याला टेकवण्यासाठी आहे, हाणण्यासाठी नाही. आमच्या नाचाला शिकवणाऱ्या वस्तादांनी मुलांना वार हवेतच अडवायला लावले, फक्त तीन ठिकाणी पाती खरोखर भिडली. डोक्याच्या उंचीवर एकही वार ठेवला नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी मी स्ट्रिप घालतच नाही. मुठीत छोटी एलईडी टॉर्च बसवते आणि पात्यात नुसता फोम. टोकाकडे उजेड कमी पडतो, पण आपटलं तरी आत तुटण्यासारखं काही नसतं.

स्ट्रिपबरोबर लुकलुकणारा कंट्रोलर आला असेल तर काढून टाका. सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप काही जणांना अपस्माराचा झटका आणू शकते, आणि प्रेक्षकांत कोण बसलंय ते आपल्याला माहीत नसतं. शिवाय कंट्रोलरशिवाय दिवे अखंड पेटतात, त्यामुळे पालकांच्या मोबाइलमधल्या चित्रणात काळे पट्टे येत नाहीत. रंग निवडताना लाल जपून घ्या, अंधारात लांबून तो मंद वाटतो. निळा, हिरवा आणि पांढरा मागच्या रांगेपर्यंत पोचतात. प्रकाशयोजना करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की या प्रवेशात समोरचे लाईट पूर्ण उतरवायचे आहेत. थोडासा पिवळा उजेड राहिला तरी तलवारी फिक्या पडतात.

गणपतीच्या मिरवणुकीत न्यायचा हट्ट मुलं धरतील. आमच्याकडे त्या दिवसांत पाऊस असतो आणि गर्दीत ७० सेंटिमीटरचं पातं कुणाच्या डोळ्यापाशी जाईल सांगता येत नाही. मंडळाच्या मंचावर, छताखाली, हरकत नाही.

नेताना पाती वेगळी, मुठी वेगळ्या. पाती चादरीत गुंडाळा, मुठींतून पॉवर बँका काढून डब्यात. जिथे कार्यक्रम आहे तिथे एका पिशवीत एम४ची अ‍ॅलन की, टेप, एक जादा पातं, एक चार्ज केलेली बँक आणि दोन वायरी ठेवा. आमच्या कार्यक्रमाला चौथ्या क्रमांकाच्या मुलीचं पातं पडदा उघडायच्या आधी विझलं. कनेक्टर सुटला होता. तीन स्क्रू, पातं बाहेर, कनेक्टर आत, पातं परत, तीन स्क्रू. निवेदकाचं बोलणं संपलं नव्हतं तोवर ती रांगेत उभी होती.